जुन्या लष्करी रायफलीवर दुर्बीण लावली की ती नेमबाजाची रायफल होते का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, .२२ वर प्रोन, म्हणजे पोटावर झोपून, शूटिंग करतो. तेजस्विनी सावंत आणि स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे आमच्याकडे नेमबाजी घराघरांत पोचली, त्यातलाच मी एक. लष्करी रायफल मात्र एनसीसीत ड्रिलपुरती खांद्यावर घेतली तेवढीच. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहितोय आणि एका मुद्द्यावर अडलोय.

अमेरिकेने व्हिएतनाम युद्धातच एम-१४ मागे घेऊन एम-१६ आणली. पण पुढे इराक आणि अफगाणिस्तानात त्याच एम-१४ गोदामांतून बाहेर काढल्या, दुर्बिणी लावल्या आणि तुकडीतल्या चांगल्या नेमबाजांच्या हातात दिल्या. रशियाची ड्रॅगुनोव्ह १९६३ ची, ती अजून चालू आहे. मग आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात इतक्या एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) बनल्या, त्यांना दुर्बीण लावून हेच काम का करून घेतलं नाही? नळी तीच, ७.६२ मिलिमीटरची गोळी तीच. नव्या रायफलींवर खर्च कशासाठी?

वडिलांचे एक मित्र म्हणतात, "जुनी रायफल म्हणजे पोलाद, नवी म्हणजे प्लॅस्टिक." माझं मन ते मानत नाही, पण खोडताही येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष हाताळल्यात त्यांनी लिहावं ही विनंती.

---

निवृत्त आर्मरर

प्रश्न चांगला आहे, आणि अर्धं उत्तर त्यातच आहे. नळी तीच, गोळी तीच, हे खरंच. घोडं अडतं ते नळीपाशी नाही.

मी लष्कराच्या दुरुस्ती विभागात, ईएमईत, आर्मरर म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो. नोकरीचा बराचसा काळ पायदळाच्या पलटणींच्या कोतांत, म्हणजे शस्त्रागारांत, गेला. .३०३, एसएलआर, ड्रॅगुनोव्ह, इन्सास, सगळ्या माझ्या बाकावर उघडल्या गेल्यात. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. जुन्या रायफलीला नेमबाजाची रायफल करायला घेतलं की तिचं वय विचारू नये. दुर्बीण कशावर बसणार, ते विचारावं.

हिशेब करून बघा. दुर्बिणीच्या बैठकीचे पुढचे आणि मागचे टेकू एकमेकांपासून १०० मिलिमीटरवर आहेत असं धरा. गोळीच्या धक्क्याने त्यातला एक ०.१ मिलिमीटर सरकला. वहीच्या एका कागदाची जाडी साधारण तेवढीच असते. शंभराला ०.१ म्हणजे हजाराला एक. ६०० मीटरवर नेम ६० सेंटिमीटर चुकला. माणसाची छाती त्याहून अरुंद असते. जवानाचा श्वास बरोबर, ट्रिगर बरोबर, वाऱ्याचा अंदाज बरोबर, आणि गोळी खांद्याबाहेरून निघून गेली. तो बिचारा स्वतःला दोष देत बसतो. त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

आता एसएलआर घ्या. तिचं वरचं झाकण, आम्ही त्याला बॉडी कव्हर म्हणायचो, पत्र्याचं असतं. त्याच्या कडा बॉडीच्या, म्हणजे नळीमागच्या मुख्य पोलादी भागाच्या, खाचांत सरकतात आणि तेवढ्यावरच ते धरलेलं असतं. जुन्या रायफलीत अंगठ्याने दाबलं तरी किंचित हललेलं कळतं. त्याच्याखाली बोल्ट कॅरियर पुढे-मागे पळतो, त्यामुळे दुर्बिणीला वर दुसरी सोयीची जागा नाही. ब्रिटिशांनी त्यांच्या एसएलआरसाठी त्या झाकणाच्या जागी वेगळं मजबूत झाकण करून त्यावर 'सूट' नावाची चारपट दुर्बीण बसवली. अंधुक उजेडात समोरचं ओळखायला, ३००-४०० मीटरवर मारायला ती उपयोगी होती. पण रायफल साफ करायला झाकण काढावंच लागतं आणि झाकणाबरोबर दुर्बीणही निघते. परत चढवल्यावर कालचा झिरो, म्हणजे दुर्बिणीचा नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, आज तसाच असेल असं धरून चालता येत नाही. सेक्शनच्या रायफलीला हे चालतं, नेमबाजाच्या रायफलीला नाही.

एसएलआरची आणखी एक गोष्ट उघड्या साइटवर मारणाऱ्यालाही नडते. पुढची साइट पुढे नळीकडे, मागची साइट खालच्या अर्ध्यावर, आणि दोन्ही अर्धी एका आडव्या पिनवर बिजागरीसारखी जोडलेली. पिन आणि मागचं लॉक घट्ट आहे तोवर काही वाटत नाही. वर्षानुवर्षं उघडझाप झालेली रायफल हातात घ्या, एका हाताने बट आणि दुसऱ्याने पुढचं लाकूड धरून हलकेच पिळा. बोटांना "कट" असं जाणवलं की समजायचं, ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, पसरणार. चांदमारीवरून तक्रार आली की मी आधी हे बघायचो आणि मगच नळीत डोकवायचो.

म्हणून एसएलआर वाईट असं कृपा करून समजू नका. चिखल, धूळ, थंडी कशालाही गॅस रेग्युलेटर दोन खुणा फिरवला की ती पुन्हा चालायला लागायची. जवानाचा तिच्यावर जीव होता. पण ती सगळ्यांनी वापरायची रायफल म्हणून घडवलेली आहे, आणि त्या कामाला तिने कधी कमीपणा आणला नाही.

जुन्यातून चांगलं कसं घडतं याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे .३०३ ची नंबर ४ मार्क १ (टी). दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातल्या चाचणीत ज्या रायफली उत्तम ग्रुप द्यायच्या तेवढ्याच बाजूला काढल्या जायच्या, आणि बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जायच्या. शिकारी बंदुका बनवणारं ते नामांकित घराणं. ते बॉडीच्या डाव्या अंगाला दोन पोलादी गाद्या पक्क्या बसवायचे, त्यावर ब्रॅकेट, आणि ब्रॅकेट धरायला हाताने आवळायचे दोन मोठे स्क्रू. गालाला टेकायला दस्त्यावर लाकडाचा उंचवटा. दुर्बीण नंबर ३२, तीनपट, मुळात ब्रेन या हलक्या मशिनगनसाठी आखलेली. आणि मला सगळ्यात आवडते ती गोष्ट ही: दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या लाकडावर ठोकलेला असायचा आणि रायफलीचा नंबर ब्रॅकेटवर. जोडी फोडायची नाही. कोणत्याही कोतातला माणूस दोन नंबर ताडून बघू शकतो. त्या काळातल्या माणसांना हा सगळा खेळ जोडाचा आहे हे पक्कं ठाऊक होतं.

त्याच बॉडीवर ७.६२ ची जड नळी चढवून ब्रिटिशांनी १९७० पासून एल-४२ए१ वापरली. १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ती होती. महायुद्धातली बॉडी चाळीस वर्षांनी लढाईत, आणि कामाची. तेव्हा वय हा मुद्दा नाही, हे मी म्हणतो ते यामुळे.

लाकडाबद्दल न लिहिता मला पुढे जाववत नाही. .३०३ च्या नंबर ४ मध्ये पुढचं लाकूड नळीच्या तोंडापाशी तिला खालून हलकाच दाब देतं. तो दाब ठरलेला असतो आणि ग्रुप त्यावर अवलंबून असतो. बेळगावच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, दाब बदलतो, आणि जूनमध्ये झिरो केलेली रायफल ऑक्टोबरात दुसरीकडेच मारते. ईशापूरच्या रायफलींत पुढच्या लाकडात आडवा घातलेला एक स्क्रू दिसतो. लाकूड चिरू नये म्हणून तो घातला. आपल्या हवेत लाकडाचं काय होतं हे जाणणाऱ्या कारागिरांचं ते काम आहे. नव्या रायफलीत लाकूड नाही, नळीला कुठे टेकूच नाही, ही मोठी सुधारणा आहे. तुमच्या वडिलांच्या मित्रांना सांगा, ज्याला ते प्लॅस्टिक म्हणतात ते पावसात फुगत नाही.

राहिली गोळी. नेमबाजाला एका लॉटची, एकसारखी काडतुसं लागतात. मशिनगनला चालणारी सगळी त्याला चालत नाहीत. ड्रॅगुनोव्ह १९६३ ला आली, पण तिच्यासाठीचं खास ७एन१ काडतूस १९६७ चं. तोवर चांगली रायफल साधी गोळी मारत होती. जुन्या रायफलीचं हे दुखणं कागदावर दिसत नाही. रायफल कोतात असते, तिला शोभेल अशी गोळी मागवली की येत नाही.

---

ईरीकाठचा

आर्मरर साहेबांना सलाम. मी मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं ओहायोत आहे. इथे ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीची रेंज आहे, १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. मी तिथे एम-१ गॅरंडवर २०० यार्डांची गॅरंड मॅच मारतो आणि घरी एम-१४ चीच नागरी आवृत्ती, एम-१ए, आहे. त्यामुळे एम-१४ बद्दल मी लिहितो.

पंचगंगाकाठ, तुमच्या लेखात एक गोष्ट स्पष्ट यावी. एम-१४ परत आली ती ती फार अचूक होती म्हणून नाही. गोदामात ७.६२ ची स्वयंभरणी रायफल तीच होती म्हणून आली. अफगाणिस्तानात डोंगराच्या एका सोंडेवरून दुसरीवर गोळीबार व्हायचा, एम-१६ ची आखूड आवृत्ती असलेल्या एम-४ च्या नळीतून सुटलेली ५.५६ ची गोळी तिथे पोचेपर्यंत तिच्यात जोर राहत नसे. सैन्याला आज, आत्ता ७.६२ हवी होती. नवी रायफल निवडून, तपासून, विकत घ्यायला वर्षं जातात. त्यातही बऱ्याच एम-१४ आधीच वितळवून टाकलेल्या किंवा इतर देशांना देऊन टाकलेल्या होत्या. एस्टोनिया आणि लिथुआनियाने आपल्या वाट्याच्या एम-१४ घेऊन त्यांच्या नेमबाजांसाठी तयार केल्या.

आता साहेबांच्या जोडाच्या मुद्द्याकडे. एम-१४ च्या बॉडीवर दुर्बिणीसाठी डाव्या बाजूला एक स्क्रूचं भोक आणि एक खाच आहे, वर काडतुसांची क्लिप घालायच्या जागेचा आधार घ्यायचा. रायफली चार ठिकाणी बनल्या होत्या: सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी, विंचेस्टर, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि टीआरडब्ल्यू. मापांत केसाचा फरक पडतोच, त्यामुळे एका रायफलीवर घट्ट बसलेली बैठक दुसरीवर तशीच बसेल याची खात्री नाही. माझ्या एम-१ए वर मी दुर्बीण लावून पाहिली आणि शेवटी काढून ठेवली. दर मॅगझिननंतर स्क्रू तपासण्यापेक्षा मूळची छिद्राची साइट बरी. तिच्यासारखी साइट मी दुसऱ्या कुठल्या लष्करी रायफलीवर पाहिलेली नाही. एक टिचकी फिरवली की नेम एक मिनिट (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) सरकतो, अंधारातही मोजता येतं.

दुसरं दुखणं दस्त्याचं. रायफल लाकडातून बाहेर काढली की लाकूड आणि पोलाद यांची बैठक दर वेळी थोडी झिजते. म्हणून स्पर्धेच्या एम-१४ मध्ये बॉडीखाली राळ ओतून बैठक पक्की करायचे आणि मग रायफल शक्यतो बाहेर काढायचीच नाही. व्हिएतनाममधली एम-२१ स्नायपर रायफल अशीच घडवलेली होती. लढाईत पावसात भिजलेली रायफल उघडायची नाही, हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण.

पुढे ईबीआर म्हणून जी आवृत्ती निघाली तिच्यात हे लाकूडच काढून टाकलं आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा दिला. अचूकपणा सुधारला, पण वजन बघा. साधी एम-१४ रिकामी सुमारे ४.१ किलो, ईबीआर सुमारे ५.१ किलो, त्यावर दुर्बीण, बायपॉड आणि भरलेलं मॅगझिन. हे घेऊन चिलखत घातलेला जवान अफगाणिस्तानातल्या कुनारच्या डोंगरावर चढतो. मिनिटाचा हिशेबही देतो. १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. ४ मिनिटांचा ग्रुप देणारी रायफल ६०० मीटरवर ७० सेंटिमीटरभर पसरते. दीड मिनिटाची २६ सेंटिमीटर. एवढ्या फरकासाठी ती सगळी खटपट.

स्पर्धेतलं सांगतो, कारण तिथे कोणाचा कोणावर लोभ नसतो, आकडे बोलतात. १९९० च्या दशकात एम-१६ च्या जातीच्या रायफलींनी कॅम्प पेरीवरून एम-१४ ला हटवलं. ६०० यार्डांवर, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यात, लहान गोळी असूनही. धक्का कमी, बैठक साधी, देखभाल जवळजवळ नाही. एम-१४ वर जीव असलेल्या जुन्या मंडळींनीही ती बदलली.

आणि जाता जाता, इथल्या जुन्या काडतुसांच्या बाजारात .३०३ च्या बुडावर 'केएफ' असा ठसा दिसतो. तो आपल्या खडकीचा. पहिल्यांदा हातात आलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. गोळी मारली नाही, एक काडतूस ठेवून दिलंय.

---

थ्री नॉट थ्री

मी पोलिसांत होतो, निवृत्त आहे. आमच्या घटकात दुर्बीण वगैरे काही नव्हतं. .३०३ आणि उघडी साइट. तरी लिहितो, कारण .३०३ चं नाव निघालं की सगळे २६/११ ला सीएसटीवर एके-४७ समोर थ्री नॉट थ्री होत्या तेवढंच बोलतात.

ते खरं आहे आणि त्याचं दुःख आम्हाला जास्त आहे. पण नेमबाजाच्या दृष्टीने बघा. .३०३ ची जुनी मार्क ७ गोळी १७४ ग्रेनची, सेकंदाला साधारण ७४४ मीटर. २०० मीटरवर तिची ताकद कमी पडते असं कोणी म्हणू शकणार नाही. बोल्ट आखूड आणि गुळगुळीत, गाल न उचलता ओढता येतो. मॅगझिन १० गोळ्यांचं. आमच्यातले एक हवालदार उघड्या साइटवर ३०० यार्डांवर सलग गोळ्या काळ्यात घालायचे, मी मार्कर म्हणून लक्ष्याखालच्या खंदकात बसून ते पाहिलंय.

कमी काय होतं, तर सराव. वर्षाकाठी मिळणाऱ्या गोळ्या बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यात रायफल आज एकाला, उद्या दुसऱ्याला. पुढची साइट कोणासाठी सरकवली होती, कोणाला माहीत? नेमबाजाचं काम द्यायचं तर माणूस आणि रायफल एकमेकांना ठरवून द्यायला हवी. आर्मरर साहेबांनी दुर्बिणीची आणि रायफलीची जोडी सांगितली, मी म्हणतो तिसरा नंबर जवानाचा ठोका.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात .३०३ ला निरोप दिला. योग्यच केलं. गर्दीच्या जागी बोल्ट ओढत बसणारी रायफल आता कोणाच्या हातात देऊ नये. पण तिला कुचकामी म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्यामागे आडवं होऊन बघावं.

---

हिमरेषा

एक शंका. फिनलंडचा सिमो हायहा १९३९-४० च्या हिवाळी युद्धात रशियन बनावटीच्या मोसिन-नागांत रायफलीवर, दुर्बीण न लावता लढला आणि त्याच्या नावावर ५०० च्या वर शत्रुसैनिक सांगितले जातात. मग दुर्बिणीच्या बैठकीचा एवढा ऊहापोह कशाला? चांगल्या माणसाला उघडी साइट पुरते असंच ना?

---

निवृत्त आर्मरर

हिमरेषा, हायहाला पुरली, आणि का पुरली ते बघण्यासारखं आहे. तो शेतकरी, शिकारी, लहानपणापासून बंदूक हातात असलेला. बर्फात दुर्बिणीच्या काचेवर श्वासाची वाफ धरते, उन्हात काच चमकते, आणि दुर्बीण उंच असल्यामुळे डोकं तेवढं वर काढावं लागतं. साइट बुटकी, डोकं खाली. शिवाय त्याची एम/२८-३० ही फिनिश सिव्हिल गार्डने सुधारलेली मोसिन होती. नळी नवी, साइट नवी, ट्रिगर सुधारलेला. रशियन कारखान्यातून आली तशीच ती नव्हती. हे नेहमी सांगायचं राहून जातं.

आणि त्याच फिनलंडने पुढे काय केलं बघा. १९८० च्या दशकात त्यांना नवी स्नायपर रायफल हवी होती. त्यांनी जुन्या मोसिनच्याच बॉड्या घेतल्या, त्यांतल्या काही १८९० च्या दशकातल्या, त्यावर नवी जड नळी, नवा दस्ता आणि दुर्बिणीची पक्की बैठक चढवली. नाव ७.६२ टीकेआयव्ही ८५. शंभरीकडे झुकलेली बॉडी, आणि तिच्यावरची गोळी आताच्या माणसाच्या विश्वासाची. असं का जमलं? बोल्ट ॲक्शनची, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीची, बॉडी म्हणजे पोलादाचा एक जाड ठोकळा. त्यात पळणारा गॅस पिस्टन नाही, सरकणारं झाकण नाही. नळी बदलली, बैठक पक्की केली, की रायफल जवळजवळ नवीच.

यातूनच मी जुन्या रायफलींचे दोन गट करतो. बोल्टवाल्या जुन्या रायफलीला नेमबाजाची करणं सोपं, तिच्यात बदलायचं ते बदलता येतं. गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे सुटलेल्या गोळीच्या वायूने पुढची गोळी भरणाऱ्या, जुन्या रायफलीत, एम-१४ असो, एसएलआर असो, हलणारे भाग नळीला लटकलेले असतात आणि प्रत्येक गोळीला नळीला वेगळा झटका बसू शकतो. तिथे मेहनत तिप्पट आणि फळ अर्धं. ईरीकाठच्यांनी जे लिहिलंय त्याचं मूळ तेच.

ड्रॅगुनोव्ह या दुसऱ्या गटातली असूनही टिकली, कारण ती पहिल्या दिवसापासून नेमबाजासाठी घडवली. पिस्टन हलका आणि छोट्या झटक्याचा. दुर्बिणीची पट्टी बॉडीच्या डाव्या अंगाला, झाकणावर नाही. झाकण उघडून साफ करा, पट्टीला धक्का लागत नाही. दुर्बीण पीएसओ-१, चारपट. तिच्यात खाली डावीकडे एक वक्र रेघ आहे: १.७ मीटर उंचीचा माणूस त्या रेघेत पायापासून डोक्यापर्यंत नेमका जिथे बसेल तिथला आकडा म्हणजे अंतर, १००० मीटरपर्यंत. जवानाला हे शिकवायला एक सकाळ पुरायची. मी ती दुर्बीण किती वेळा डोळ्याला लावली असेल, दर वेळी त्या रेघेचं कौतुक वाटायचं.

उणिवाही लिहितो. नळी बारीक, दहा गोळ्यांचं मॅगझिन भराभर मारलं की तापते आणि ग्रुप उघडायला लागतो. आधी नळीतल्या खाचांचा पीळ ३२० मिलिमीटरला एक फेरा होता, तो पुढे २४० केला, म्हणजे इतर जातीच्या गोळ्याही नीट जाव्यात. त्यात नेमबाजाच्या खास गोळीची थोडी अचूकता गेली. आणि चारपट दुर्बीण आजच्या अंतरांना अपुरी. नियंत्रण रेषेपलीकडून लांब पल्ल्याची .३३८ ची रायफल घेऊन कोणी बसला असेल तर ड्रॅगुनोव्हवाल्याला तो दिसतो पण हाताला लागत नाही. त्यासाठीच २०१९ मध्ये बॅरेट एम-९५ आणि बेरेटाची .३३८ स्कॉर्पिओ, आणि पुढे फिनलंडची साको टीआरजी-४२ आपल्याकडे आल्या. एकाने दुसऱ्याची जागा घेतली असं मी म्हणणार नाही. ड्रॅगुनोव्ह मुळात तुकडीबरोबर चालणाऱ्या नेमबाजाची, ६०० मीटरच्या आतबाहेर भराभर मारणाऱ्याची रायफल. तिला १२०० मीटरचं स्नायपरकाम सांगितलं गेलं, ते तिचं कामच नव्हतं.

थ्री नॉट थ्री, तुमचं तिसऱ्या नंबराचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

---

पंचगंगाकाठ

आर्मरर काका, ईरीकाठचे दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीच्या ०.१ मिलिमीटरचा हिशेब मी माझ्या .२२ वर करून बघितला आणि डायॉप्टर (छिद्राच्या) साइटचे स्क्रू ताबडतोब तपासले.

शेवटचा प्रश्न, लेख त्यावरच संपवायचाय. आजही पोलीस आणि इतर दलांकडे एसएलआर आहेत. तिला आता पक्की, जाड झाकणाची नवी बैठक करून दुर्बीण लावली तर? बाजारात तशी झाकणं मिळतात असं वाचलं. काका, तुम्ही असता तर केलं असतं का?

---

निवृत्त आर्मरर

सरसकट नसतं केलं.

नवी जाड झाकणं मी पाहिलीत. खाचांत स्क्रूने आवळता येतात, जुन्या पत्र्यापेक्षा खूपच चांगली. चांगल्या बॉडीवर, बिजागरीची पिन घट्ट असेल, नळीचं तोंड आणि चेंबर गेजमध्ये, म्हणजे मापात, असेल, तर ३००-४०० मीटरपर्यंत अशी एसएलआर मान ठेवेल. पण अशी रायफल निवडावी लागते. कोतातल्या सगळ्या एसएलआर एका लॉटच्या काडतुसांवर मारून बघायच्या, ग्रुप मोजायचे, उत्तम तेवढ्या बाजूला काढायच्या आणि मगच त्यांना हात लावायचा. हॉलंड अँड हॉलंडकडे जाण्याआधी .३०३ ची हीच परीक्षा व्हायची. हे न करता ढिगातली हाताला येईल ती उचलून तिच्यावर महागडी दुर्बीण चढवणं म्हणजे पैसे आणि जवान दोघांशी अन्याय.

शिवाय आता सुटे भाग कोण देणार, हा हिशेब आधी करावा लागतो. एजेक्टर, एक्स्ट्रॅक्टर, गॅस पिस्टन, स्प्रिंगा. एक रायफल चालवायला दुसरी फोडायची वेळ आली की ती रायफल नेमबाजाला देऊ नये. त्याला उद्या सकाळीही तीच, तशीच हवी असते.

आणि ब्रिटिशांचं उदाहरण लेखात जरूर घ्या. एसएलआर त्यांनी आपल्याएवढीच प्रेमाने वापरली होती. पण अफगाणिस्तानात तुकडीतल्या नेमबाजाला ७.६२ हवी झाली तेव्हा त्यांनी जुन्या एसएलआरकडे वळून पाहिलं नाही, २०१० मध्ये एल-१२९ए१ नवी विकत घेतली. अमेरिकेनेही एम-१४ वर दिवस काढताना शेजारी एम-११० उभी केलीच. आपण २०१९ मध्ये ७.६२ च्या सिग ७१६ च्या ७२,४०० रायफली घेतल्या. या तिन्ही नव्या रायफलींत वरचा भाग एकसंध, दुर्बिणीची पट्टी त्याच धातूतून कातलेली. साफसफाईला रायफल उघडली तरी पट्टी नळीला धरूनच राहते.

लेख छापून आला की इथे टाका. आणि .२२ चे स्क्रू आवळताना टॉर्क रेंच वापरा, हाताच्या अंदाजाने नको. प्रत्येक वेळी तेवढाच दाब बसला पाहिजे.